डोळ्यात वाढलेले मांस आणि डोळ्यातली ओल

लागण, खोडवा, खते आणि पाणी यांविषयी आम्ही या पानावर नेहमीच लिहितो. या अंकात विषय थोडा वेगळा घेतला आहे. ऊस नोंदीसाठी शिवारात हिंडताना एका गोष्टीकडे आमचे लक्ष वारंवार जाते. ती पिकात नाही, पीक घेणाऱ्याच्या डोळ्यात आहे. चाळिशी ओलांडलेल्या कितीतरी सभासदांच्या डोळ्यांत नाकाकडच्या कोपऱ्यातून एक गुलाबी, त्रिकोणी पडदा बुबुळाकडे सरकलेला दिसतो. विचारले तर उत्तर ठरलेले. कोणी म्हणतो, "मास वाढलं जी. दुखत नाही, मंग काहाले दवाखान्यात जायचं?" दुसरा म्हणतो, "मोतीबिंदू होय साहेब, पिकू द्या, मंग काढू." आणि दोघांचीही एक तक्रार सारखीच असते. डोळ्यात वाळू गेल्यासारखी खुपते, उन्हात चुरचुरते, वाऱ्यावर पाणी वाहते.

वाढलेले मांस आणि ही चुरचुर, या दोन निरनिराळ्या तक्रारी नव्हेत. एकीमुळे दुसरी बळावते. हा संबंध एकदा ध्यानात आला की बराच त्रास घरच्या घरी टळतो, आणि उरलेल्यासाठी डॉक्टरांकडे केव्हा जायचे हेही कळते.

हा वडस, मोतीबिंदू नव्हे

या वाढीला मराठीत जुने नाव आहे वडस. आपल्याकडे हिंदीच्या सहवासाने काही जण नाखुना म्हणतात. डॉक्टर तिला टेरिजियम म्हणतात. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात 'अर्म' नावाने तिचे पाच प्रकार सांगितले आहेत, आणि आकड्याने उचलून शस्त्राने कापण्याची रीतही दिली आहे. त्याच ग्रंथात डोळा कोरडा पडून दाह होण्याच्या विकाराला 'शुष्काक्षिपाक' असे स्वतंत्र नाव आहे. म्हणजे हे दोन्ही त्रास आजचे नाहीत.

मोतीबिंदू आणि वडस यांतला फरक साध्या आरशात कळतो. मोतीबिंदू डोळ्याच्या आत, बाहुलीच्या मागच्या भिंगात होतो. बाहुली पांढुरकी दिसते, पण डोळ्याचा पृष्ठभाग स्वच्छ असतो. वडस हा पृष्ठभागावर असतो. पांढऱ्या भागावरची पातळ त्वचा जाड होते, तिच्यात रक्तवाहिन्या भरतात आणि तिचे टोक काळ्या बुबुळावर चढू लागते. वडस पिकत नाही, त्यामुळे तो पिकण्याची वाट पाहण्यात काही अर्थ नाही. एकाच डोळ्यात दोन्हीही असू शकतात, म्हणून पक्के निदान डॉक्टरांनीच करावे.

वडसाचा एक धाकटा भाऊ आहे. पांढऱ्या भागावर बुबुळाच्या कडेला पिवळसर, किंचित फुगीर ठिपका दिसतो. त्याला पिंग्वेक्युला म्हणतात. तो बुबुळावर चढत नाही. बहुतेकांना त्याने नजरेचा काही त्रास होत नाही. पण तोही उंचवटाच आहे, म्हणून कोरडेपणाच्या बाबतीत त्याचीही दखल घ्यावी लागते.

आपल्याच मुलुखात इतके का?

नागपूरजवळच्या आठ खेड्यांत 2006 ते 2008 या काळात डोळ्यांची मोठी पाहणी झाली. तीस वर्षांवरच्या 4,711 स्त्री-पुरुषांचे डोळे तपासले गेले. ही खेडी आपल्यासारखीच, शेतीवर जगणारी. तेथे शंभरात सुमारे तेरा माणसांना वडस आढळला. तिशीतल्या लोकांत हे प्रमाण शंभरी सातच्या आसपास होते, ते सत्तरीत पंचविसाच्या घरात गेले. चंद्रपूर-गडचिरोलीचे ऊन नागपूरपेक्षा सौम्य आहे, असे कोणी म्हणणार नाही. चंद्रपूरचा पारा मे महिन्यात 45 अंशांच्या पुढे जातो, हे आपण दरसाल अंगावर घेतो.

याचे मुख्य कारण ऊन आहे, आणि उन्हातले डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंच्या उष्ण पट्ट्यात वडसाचे प्रमाण जास्त आढळते, आणि आपले दोन्ही जिल्हे सुमारे 20 अंश उत्तर अक्षांशावर म्हणजे त्या पट्ट्यातच येतात. त्यात आपली कामे उघड्यावरची. धानाच्या बांधीत रोवणी करताना वरून ऊन आणि खालून पाण्यावरची तिरीप. मार्च-एप्रिलात मोहफूल वेचणे, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडणे आणि फळीवर पुडे मोजून देणे. उसाची तोडणी, मळणीचे कुटार, गिरणीतला कोंडा, कच्च्या रस्त्याची धूळ, मोहाखाली पालापाचोळा पेटवल्याचा धूर, घरात चुलीचा धूर. ऊन, वारा, धूळ आणि धूर ही चारही एकाच डोळ्यावर वर्षानुवर्षे येतात.

वडस बहुधा नाकाकडूनच का येतो, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. कानाकडच्या बाजूने तिरके येणारे ऊन बुबुळाच्या गोलाईतून वळते आणि नाकाकडच्या काठावर एकवटते, असे शास्त्रज्ञांनी दाखवले आहे. भिंगाखाली कागद धरल्यासारखाच हा प्रकार. बुबुळाच्या काठावर ज्या पेशी असतात, त्या शेताच्या कुंपणासारखे काम करतात. पांढऱ्या भागावरच्या त्वचेला त्या बुबुळावर येऊ देत नाहीत. वर्षानुवर्षे ऊन लागून कुंपण एका जागी मोडले, की बाहेरची वाढ आत शिरते.

ओलीचा हिशेब

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. आपल्या डोळ्यावर अश्रूंचा एक अतिशय पातळ थर सदैव पसरलेला असतो. हा थर नुसत्या पाण्याचा नाही. तळाशी डोळ्याला पाणी धरून ठेवणारा चिकट भाग असतो, मध्ये पाणी असते आणि वर तेलाचा पापुद्रा. हे तेल पापण्यांच्या कडांतल्या बारीक ग्रंथींतून येते आणि पाणी उडून जाऊ देत नाही. पापणी मिटली की हा थर सारवल्यासारखा सर्वत्र सारखा होतो.

रान सपाट नसले तर पाटाच्या पाण्याचे काय होते, हे सभासदांना सांगायला नको. उंचवट्याच्या माथ्यावर पाणी चढत नाही, खोलगट जागी साचते आणि उंचवट्याच्या पायथ्याची सरी कोरडी राहते. डोळ्यात वडस म्हणजे असाच उंचवटा. पापणी त्याच्यावरून फिरते, पण लगतच्या जागेला नीट टेकत नाही. तेवढ्या जागी अश्रूंचा थर लवकर फाटतो. कधी वडसाच्या पुढ्यात बुबुळावर सुकून खड्डाही पडतो. शिवाय वडसामुळे डोळ्याची त्वचा सतत लाल व सुजलेली राहते, त्यामुळे चिकट भाग तयार करणाऱ्या पेशींवरही परिणाम होतो.

डॉक्टर हे मोजून पाहतात. डोळ्यात पिवळा रंग टाकून, पापणी न मिटता अश्रूंचा थर किती सेकंद टिकतो ते बघतात. दहा सेकंद किंवा अधिक टिकला तर ठीक, त्याहून कमी असेल तर ओल कच्ची समजावी. दुसऱ्या तपासणीत खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटांत ती किती मिलिमीटर भिजते ते मोजतात. पाच मिलिमीटरच्या आत भिजली तर कोरडेपणा स्पष्ट आहे. वडस असलेल्या डोळ्यांत अश्रूंचा थर लवकर फाटतो, असे अनेक तपासण्यांत आढळले आहे. वडस काढल्यावर थर टिकण्याचा वेळ सुधारतो, आणि वडस पुन्हा उगवला की ती सुधारणाही ओसरते, असेही दिसले आहे.

दुसऱ्या बाजूनेही हेच चक्र फिरते. डोळा आधीच कोरडा असेल तर ऊन, धूळ आणि धूर यांना अडवायला वर ओलीचे पांघरूण उरत नाही. त्वचा चिडते, सूज येते, आणि सुजलेल्या जागी वाढीला जोर मिळतो. आधी कोरडेपणा की आधी वडस, हा वाद शास्त्रज्ञांत आहे. आपल्याला त्यातले एवढेच घ्यायचे आहे की दोन्हींची काळजी एकाच वेळी घेतली पाहिजे.

डोळे वाहतात, मग कोरडे कसे?

ही शंका आम्हांला गावोगाव विचारली जाते. शंका रास्त आहे. अश्रूंचा रोजचा थर फाटला की बुबुळाच्या नसा दुखावतात आणि मेंदूला निरोप जातो. मग एकदम पाण्याचा लोंढा येतो. पण त्यात तेल आणि चिकटपणा पुरेसा नसतो. पाणी गालावर ओघळते आणि डोळा पुन्हा कोरडाच राहतो. बांध फुटून पाणी वाहून गेले, म्हणजे रान भिजले असे होत नाही. तेव्हा वाऱ्यावर पाणी येणे हे पुष्कळदा कोरडेपणाचेच लक्षण असते.

वय वाढेल तशी ओल कमी होते. बायकांना पाळी गेल्यानंतर हा त्रास अधिक होतो. मधुमेह, सर्दी-खाजेवरच्या काही गोळ्या, पापण्यांच्या कडांना कोंडा धरणे ही आणखी कारणे. मोबाइलकडे टक लावून पाहताना पापणी मिटण्याचे प्रमाण बरेच घटते. दिवसभर उन्हात आणि रात्री मोबाइलवर, असे तरुण सभासदांचे वेळापत्रक झाले आहे. त्यात डोळ्यांना विश्रांती कोठे?

या गोष्टी मुळीच करू नयेत

पहिली गोष्ट, डोळ्यात मध, कांद्याचा रस, पानांचा चीक, बाजारातली पूड किंवा भुकटी घालू नये. कोणताही थेंब, कोणतेही अंजन वडस विरघळवत नाही. अशा औषधांनी बुबुळावर जखम होते, आणि त्या जखमेने जाणारी नजर वडसाने जाणाऱ्या नजरेपेक्षा कितीतरी अधिक असते.

दुसरी गोष्ट, मेडिकल दुकानातून 'लाल डोळ्याचे ड्रॉप' मागून आणू नयेत. त्यांपैकी काहींत स्टेरॉइड असते. चार दिवस डोळा पांढराशुभ्र होतो, माणूस खूष होतो आणि बाटलीमागून बाटली आणतो. महिनोन्‌महिने वापरल्यास डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होतो, मोतीबिंदूही लवकर येतो. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. स्टेरॉइड डॉक्टरांनी लिहून दिले तेवढेच आणि तेवढेच दिवस वापरावे.

तिसरी गोष्ट, डोळा चोळू नये. गमच्याने तर नाहीच.

डॉक्टर साध्या कोरडेपणासाठी कृत्रिम अश्रूंचे थेंब देतात. ते ओल पुरवतात, पण पिकाला पाण्याची पाळी लागते तशी त्यांचीही पाळी असते. चार दिवस घालून सोडून दिल्यास उपयोग नाही. पापण्यांच्या ग्रंथी तुंबल्या असतील तर स्वच्छ कापड कोमट पाण्यात बुडवून पिळून मिटलेल्या डोळ्यांवर पाच-दहा मिनिटे ठेवावे आणि मग पापण्यांच्या कडा हळूच पुसून घ्याव्यात. याला खर्च काहीच नाही.

ऑपरेशन केव्हा आणि कसले?

प्रत्येक वडस कापावा लागत नाही. लहान, शांत, न वाढणाऱ्या वडसावर लक्ष ठेवले आणि ओल सांभाळली तरी भागते. मात्र वडस बाहुलीकडे सरकत असेल, बुबुळ ओढले जाऊन चष्म्याचा तिरपा नंबर वाढत असेल, नजर अंधूक होत असेल किंवा थेंब घालूनही लाली आणि खुपणे कमी होत नसेल, तर ऑपरेशनचा विचार करावा. बाहुलीवर पोचेपर्यंत थांबल्यास काढल्यावरही बुबुळावर डाग राहतो.

येथे एक गोष्ट सभासदांनी डॉक्टरांना अवश्य विचारावी. पूर्वी वडस नुसता कापून जागा उघडी ठेवत. तसा वडस खोडव्यासारखा फुटतो. तिघांत एकाला, काही ठिकाणी त्याहूनही अधिक लोकांना तो परत येत असे, आणि परत आलेला पहिल्यापेक्षा दांडगा असे. आता कापलेल्या जागी त्याच डोळ्याच्या वरच्या पापणीखालची पातळ त्वचा घेऊन तिचे कलम लावतात. या पद्धतीत परत येण्याचे प्रमाण पुष्कळच कमी झाले आहे. ऑपरेशन जागा बधिर करून होते आणि बहुतेकांना त्याच दिवशी घरी जाता येते. नंतर काही आठवडे थेंब, धूळ-धुरापासून बचाव आणि उन्हात चष्मा हे पाळावेच लागते. तोडणीच्या ऐन हंगामात ऑपरेशन करून आठव्या दिवशी फडात उभे राहणे बरे नव्हे.

आणि ऑपरेशननंतरही डोळा कोरडा राहू शकतो. वडस गेला, पण वय, ऊन आणि धूर गेलेले नाहीत. म्हणून वडस कापणे हा अर्धा उपचार आणि ओल सांभाळणे हा उरलेला अर्धा.

प्रत्येक ठिपका वडस नसतो

तीन प्रसंगी वाट पाहू नये.

लहान मुलाच्या डोळ्याच्या पांढऱ्या भागावर, बहुधा कानाकडच्या बाजूला, साबणाच्या फेसासारखा राखाडी-पांढरा ठिपका दिसला आणि मूल संध्याकाळी अडखळत असेल, तर तो वडस नव्हे. ते अ जीवनसत्त्वाच्या अभावाचे लक्षण होय. येथे डोळ्याचा पृष्ठभाग आहाराअभावी सुकतो, आणि दुर्लक्ष झाल्यास बुबुळ विरघळून मूल कायमचे आंधळे होऊ शकते. मुलांना नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी अ जीवनसत्त्वाचा डोस मिळतो. आशाताईंकडे, अंगणवाडीत विचारून एकही डोस चुकवू नये. शेवग्याचा पाला, इतर हिरव्या भाज्या, पपई, आंबा आणि अंडी ही घराजवळची औषधे आहेत.

दुसरा प्रसंग: मोठ्या माणसाच्या डोळ्यावरची वाढ भराभर वाढत असेल, गुळगुळीत जेलीसारखी किंवा पांढरी खरखरीत असेल, तिच्यातून रक्त येत असेल किंवा तिला काळपट रंग असेल, तर ती कर्करोगाचीही असू शकते. ताबडतोब दाखवावे. काढलेला तुकडा तपासणीला पाठवणार का, हेही विचारावे.

तिसरा प्रसंग: धानाचे कुसळ, कोंडा किंवा उसाचे पाते लागून डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सोसेना आणि बुबुळावर पांढरा ठिपका आला, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. बुरशीची जखम काही दिवसांत डोळा घेऊन जाते.

शिवारात काय पाळावे?

रुंद काठाची टोपी किंवा डोक्यावरून पुढे ओढलेला दुपट्टा वापरावा. ऊन बाजूने येते, म्हणून कडेपर्यंत झाकणारा गॉगल घ्यावा. रंग गडद असणे पुरेसे नाही, अतिनील किरण अडवणारा आहे की नाही हे दुकानात विचारावे. जमेल तेथे दुपारी बारा ते तीन सावलीतली कामे काढावीत. मोटारसायकलवर काचेचे हेल्मेट हे डोळ्यांचेही संरक्षण आहे. मळणी आणि तोडणीच्या वेळी साधा पांढरा चष्मा तरी लावावा. फवारणीचा थेंब उडाला तर लगेच स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटे डोळा धुवावा आणि औषधाचा डबा घेऊन दवाखाना गाठावा.

पाचट पेटवू नका, हे आम्ही जमिनीसाठी नेहमी सांगतो. आता डोळ्यांसाठीही सांगतो. सरीत पसरलेले पाचट रानाची ओल राखते. पेटवलेले पाचट रानाची ओल घालवते आणि धुराने आपल्या व तोडणी मजुरांच्या डोळ्यांचीही घालवते. तोडणीला आलेली माणसे आपल्या शिवारात असताना त्यांच्याही डोळ्यांची विचारपूस सभासदांनी करावी. त्यांच्यापैकी अनेकांना हाच त्रास असतो आणि दवाखान्यासाठी एक दिवसाची मजुरी सोडणे त्यांना जड जाते.

तपासणीसाठी लांब जाण्याची प्रत्येक वेळी गरज नाही. तालुक्याच्या ग्रामीण अथवा उपजिल्हा रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी कोणत्या वारी असतात, ते विचारून ठेवावे. पुढच्या उपचाराला चंद्रपूर आणि गडचिरोलीची शासकीय रुग्णालये आहेत, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आहे. भामरागडकडच्या मंडळींना हेमलकशाचा लोकबिरादरी दवाखाना आणि धानोऱ्याकडच्यांना शोधग्रामचा 'सर्च'चा दवाखाना जवळ पडतो. पुढे कोठे जावे याचा सल्ला तेथेही मागता येतो. जाताना रेशनकार्ड, आधार आणि आरोग्य योजनेचे कार्ड असल्यास तेही बरोबर ठेवावे आणि कोणत्या योजनेत बसते याची चौकशी आधी करावी. मोतीबिंदूच्या शिबिरात गेलात तर वडसही दाखवून घ्यावा.

सभासद बंधू-भगिनींनो, उसाच्या पानावर ठिपका दिसला तर आपण त्याच दिवशी पान तोडून आमच्याकडे घेऊन येता. स्वतःच्या डोळ्यातला पडदा मात्र दहा-दहा वर्षे आरशात पाहून सोडून देता. या लेखानंतर एवढे तरी करा. आज घरातल्या चाळिशीपुढच्या प्रत्येकाला उजेडात बसवून दोन्ही डोळे पाहा. पडदा कोठवर आला आहे, त्याची तारीख घालून नोंद ठेवा आणि सहा महिन्यांनी पुन्हा पाहा. सरकला असेल तर पुढच्या हंगामाची वाट न पाहता दवाखाना गाठा.

— ऊस विकास अधिकारी